यंदाचा हलता देखावा मुलांना करू द्या

काळाचौकी, लालबाग, परळ आणि चिंचपोकळी विभागातल्या सर्व सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि कार्यकर्ते यांस,



पत्राचा विषय आधीच सांगतो. येत्या गणेशोत्सवात तुमच्या मंडपातला एक हलता देखावा, मग तो कोपऱ्यातला चार फुटांचा का असेना, आपल्या विभागातल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींना करू द्या. रंगकाम करणं, पताका लावणं ही कामं मुलं दरवर्षी करतातच. मी मागतोय ते याहून मोठं आहे. मोटर त्यांनी निवडावी, सांगाडा त्यांनी कापावा, तारा त्यांनी जोडाव्यात, काय कधी हलायचं याचा प्रोग्रॅम त्यांनी लिहावा आणि विसर्जनापर्यंत देखावा चालता ठेवायची जबाबदारीही त्यांनाच द्यावी.

कॉलेजात या विद्येला मेकाट्रॉनिक्स म्हणतात. जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतल्या तेत्सुरो मोरी या इंजिनिअरनं 1969 मध्ये तिला हे नाव दिलं. यंत्राचे सुटे भाग, त्यांना फिरवणारी वीज, बाहेर काय चाललंय याची खबर देणारा सेन्सर आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा प्रोग्रॅम, हे सगळं एकाच वस्तूत नीट नांदवायचं, असं हे शास्त्र. टॉवरची लिफ्ट, घरातलं वॉशिंग मशीन, एसी लोकलचे दरवाजे, औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणारी लाइन, सगळीकडे हेच चालतं. आमची उमेदीची वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत मेंटेनन्स करण्यात गेली. तिथे लाइन बंद पडली की फिटर म्हणायचा, फॉल्ट इलेक्ट्रिकलचा आहे. इलेक्ट्रिशियन म्हणायचा, मेकॅनिकल बघा. प्रोग्रॅमवाला लॅपटॉप मिटून दोघांकडे बोट दाखवायचा. तासन्‌तास माल अडकून पडायचा. ज्याला तिन्ही बाजू थोड्या थोड्या कळतात असा माणूस शिफ्टमध्ये असला की लाइन लवकर सुरू व्हायची. अशी माणसं तेव्हाही कमी होती, आजही कमीच आहेत. आपल्या विभागातली मुलं ती उणीव भरून काढू शकतात असं मला मनापासून वाटतं, आणि ते का वाटतं ते सांगण्यासाठीच हे पत्र.

तुम्ही म्हणाल, हे शाळेचं काम, मंडळाचा काय संबंध? संबंध जुना आहे. आमच्या लहानपणी चाळीच्या मंडपात कंस तलवार उगारायचा. मागे जाऊन पाहावं तर पंख्याची जुनी मोटर, सायकलची चेन आणि एक लाकडी चकती. चकतीचं भोक मुद्दाम मधोमध न पाडता कडेकडे पाडलेलं. चकती फिरली की तिच्यावर टेकवलेली दांडी वर जायची, खाली यायची, आणि दांडीला बांधलेला कंसाचा हातही. त्याच मंडपात पळत्या दिव्यांची माळ होती. तिच्यासाठी एक लाकडी रूळ बनवलेला असे. रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, वरून पितळी पात्या टेकवलेल्या. रूळ सावकाश फिरायचा. ज्या पातीखाली पट्टी आली तिचे दिवे लागायचे, पट्टी सरली की विझायचे. दिवे वेगळ्या क्रमानं पळवायचे असतील तर पट्ट्या उखडून दुसरीकडे ठोकायच्या. त्या काळी याला कुणी प्रोग्रॅम म्हणत नसे, पण तो प्रोग्रॅमच होता. ही कामं करणारी माणसं गिरणीतल्या मेकॅनिक खात्यातली फिटर, टर्नर, वायरमन. पाळी सुटली की घरी जेवून मंडपात यायची. आम्ही पोरं पान्हे धरून, टॉर्च धरून त्यांच्याजवळ उभे राहायचो. माझं इंजिनिअरिंग तिथे सुरू झालं, डिप्लोमा पुढे झाला.

गिरण्यांमध्ये तर यापेक्षाही सूक्ष्म कामं होती. साचेखात्यात बाण्याचा, म्हणजे आडवा, दोरा तुटला की साचा, म्हणजे माग, आपोआप थांबायचा. वीज नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, तरी थांबायचा. साच्याच्या कडेला, फणीपाशी, बारीक तारांचा एक काटा असे. धोटा मागे दोरा सोडून गेला की तो दोरा काट्याला रेटायचा आणि साचा चालू राहायचा. दोराच नसेल तर काटा जागचा हलत नसे, मागच्या हातोडीत अडकायचा, आणि ती हातोडी हँडल पाडून साचा बंद करायची. दोरा आहे की नाही हे ओळखायचं आणि त्याप्रमाणे यंत्राला वागवायचं, ही सेन्सरची अख्खी कल्पना त्या काट्यात आहे. नक्षीदार कापड विणायला जॅकार्डचा साचा असे. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या सांगत, ताण्याचा कुठला दोरा उचलायचा आणि कुठला नाही. जोसेफ जॅकार्डनं फ्रान्समध्ये ही युक्ती 1804 च्या सुमारास बसवली, आणि पुढे कॉम्प्युटरला हुकूम देण्यासाठी तसलीच भोकांची कार्डं वापरली गेली.

जपानात साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये दोरा तुटताच स्वतःहून थांबणारा आणि धोटा न थांबता बदलणारा साचा बाजारात आणला. 1929 मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले, आणि साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारगाडीच्या संशोधनाला लागला. टोयोटा मोटार कंपनी 1937 ची. साच्यापासून गाडीपर्यंतची वाट त्या घरानं एका पिढीत काढली. आपल्याकडे 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. साचे भंगारात गेले हे दुःख आहेच. पण माझ्या मते त्याहून मोठं नुकसान दुसरं झालं. हातात पान्हा असलेला बाप आणि शेजारी टॉर्च धरून उभा असलेला मुलगा ही साखळी तुटली. फिटरचा मुलगा कुरिअरला लागला, सिक्युरिटीत लागला, त्याचा मुलगा आज मोबाइलवर रोबोटचे व्हिडिओ बघतो. घरात आता स्क्रू ड्रायव्हरही सापडत नाही.

शाळेकडून ही साखळी जोडली जाईल का? थोडी जाईल, पुरेशी नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतधारेचे परिणाम हा धडा आहे. त्यात मोटर आहे, फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे. आपली मुलं नियम पाठ करतात, आकृती काढतात, नावं देतात, गुण मिळवतात. मोटर मात्र त्यांनी हातात घेतलेली नसते, उघडणं तर दूरच. शिक्षकांना मी दोष देत नाही. वर्गात मुलं किती आणि तास किती, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

केंद्र सरकारनं 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब ही योजना आणली. सहावी ते बारावीच्या मुलांना सेन्सर, थ्री-डी प्रिंटर, छोटे कंट्रोलर हाताळता यावेत म्हणून निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान. देशात अशा सुमारे 10 हजार लॅब झाल्या आणि 2025 च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50 हजार लॅब करायची घोषणा झाली. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण सुरुवातीपासून तिच्या अटींमध्ये शाळेकडे दीड हजार चौरस फुटांची जागा असावी अशी अट होती. दीड हजार चौरस फूट म्हणजे आपल्या चाळीतल्या डझनभर खोल्या. गिरणगावातली अनुदानित मराठी शाळा ही जागा आणणार कुठून? ज्या शाळांना सामान मिळालं तिथेही सगळीकडे ते मुलांच्या हाती पडतं असं नाही. एका शाळेत मी स्वतः पाहिलं, किट कपाटात, कपाटाला कुलूप, कारण काही हरवलं तर भरून कोण देणार ही भीती. अशा भीतीत कुणी काही शिकत नाही. पहिल्याच दिवशी एखादा पार्ट जळणार हे धरूनच चालावं लागतं.

मग कुणी करून दाखवलंय का? दाखवलंय, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात, एका खेड्यात. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएचडी केलेले शास्त्रज्ञ, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात होते. ती नोकरी सोडून 1983 मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. परीक्षेत नापास झालेल्या, शाळा सुटलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, स्वयंपाक असं सगळं कामातून शिकवलं. गावाला लागणाऱ्या वस्तू मुलांनी बनवायच्या, गावानं त्या वापरायच्या, आणि त्या करता करता गणित-विज्ञान समजून घ्यायचं. त्यातूनच आठवी ते दहावीच्या शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला आणि राज्यातल्या अनेक शाळांत पोचला. अमेरिकेतल्या एमआयटीनं फॅब लॅब नावाच्या कार्यशाळा जगभर सुरू करायच्या ठरवल्या तेव्हा अगदी पहिल्या काही लॅबमध्ये पाबळ होतं. कलबाग सर 2003 मध्ये गेले, आश्रम चालू आहे. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मुलांनी केलेली वस्तू प्रदर्शनापुरती नव्हती, ती कुणाला तरी हवी होती. मुलांनी केलेलं फाटक नीट लागलं नाही तर गावकरी येऊन सांगणार.

आपल्या विभागात अशी वस्तू कुठली, जी सगळ्यांना हवी असते, जिची तारीख ठरलेली असते, जी बंद पडली तर हजारो लोकांना दिसते? देखावा. शाळेचा प्रोजेक्ट वर्गाबाहेर कुणी पाहत नाही. गणपतीतला देखावा पाहायला अख्खी मुंबई काळाचौकीत आणि लालबागेत येते.

गेली काही वर्षं एका मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी मी मुलांसोबत बसतो. गेल्या पावसाळ्यातला एक प्रसंग सांगतो, म्हणजे ही विद्या कशी उतरते ते कळेल. मुलांनी गिरणीचा देखावा घेतला होता. साचा पुढेमागे हलतोय आणि शेजारी उभा कामगार हात उचलून भोंग्याकडे बघतोय. हात हलवायला गाडीच्या वायपरची जुनी मोटर, कुर्ल्याच्या भंगारातून आणलेली. आधी ती उघडली. आत वर्म गिअर असतो, म्हणून ती सावकाश फिरते पण ताकद दांडगी. शिवाय एका तबकडीवर तांब्याची पट्टी असते आणि पट्टीला एके ठिकाणी खाच. गाडीत वायपरचं बटण बंद केलं तरी खाच येईपर्यंत मोटर फिरत राहते, म्हणून वायपर कधी काचेच्या मधोमध थांबत नाही, खाली येऊनच निजतो. हे कळल्यावर एक मुलगा खाली जाऊन ओळखीच्या टॅक्सीवाल्याला वायपर चालू-बंद करायला लावून खात्री करून आला. आपली गोष्ट आपण तपासली पाहिजे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग हात बसवला, देखावा चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर प्रोग्रॅम चढवला आणि गडबड सुरू झाली. हात अर्ध्यावर गेला की सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. भोंगा पुन्हा वाजायचा, दिवे पुन्हा लागायचे. प्रोग्रॅम चुकलाय असं सगळ्यांचं मत पडलं. ओळी बदलल्या, वेळा बदलल्या, फरक नाही. कुणी म्हणालं बोर्डच खराब आहे, दुसरा आणा. नववीतली एक मुलगी मोटरकडे न बघता बोर्डकडे बघत बसली होती. तिच्या लक्षात आलं की हात वर चढताना बोर्डवरचा छोटा दिवा क्षणभर विझतो आणि चालू करताना लुकलुकतो तसा लुकलुकतो. म्हणजे बोर्ड चुकत नव्हता, पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होत होता. वीज कमी पडत असेल, असं ती म्हणाली. मीटर लावला. बरोबर, 12 व्होल्ट त्या क्षणी पार खाली येत होते. पण का? मोटर रिकामी फिरवली तर काही नाही, हात जोडला की होतं. मग एकानं हाताची दांडी बोटानं फिरवून पाहिली तर ती अर्ध्यावर जड जात होती. बोल्ट आवळून घट्ट केलेला, भोकं जराशी तिरकी. मोटर तिथे अडायची, जास्त करंट ओढायची, पॉवर सप्लाय बसायचा आणि बोर्ड बंद व्हायचा. भोक गोल केलं, मध्ये वॉशर घातला, दोन नट एकमेकांवर लॉक केले, थेंबभर तेल सोडलं. प्रोग्रॅमची एकही ओळ न बदलता देखावा चालला. नंतर बोर्डला वेगळा सप्लायही दिला.

दोष बोल्टात होता आणि दिसत होता प्रोग्रॅममध्ये. कारखान्यात हे समजायला आमची कित्येक वर्षं गेली. त्या मुलांना ते एका सकाळी समजलं, कारण पूर्ण वस्तू त्यांच्या हातात होती, यंत्र एकाकडे आणि वायरिंग दुसऱ्याकडे अशी वाटणी नव्हती. म्हणून माझा आग्रह आहे की मुलांना तयार किट जोडायला देऊन भागणार नाही. किटमध्ये भोकं सरळच पाडलेली असतात.

पाठ्यपुस्तकही याच वाटेनं जिवंत होतं. नववीला ध्वनीच्या धड्यात प्रतिध्वनी आणि सोनार येतं. माणूस जवळ आला की देखाव्यातल्या मूषकानं मान वळवावी, असं मुलांना हवं होतं. त्यासाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर लागतो. तो आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. माणूस एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे साधारण 6 मिलिसेकंद. हे गणित मुलांनी स्वतः केलं, कारण ते चुकलं असतं तर मूषकानं मान वळवलीच नसती. त्याआधी इन्फ्रारेड सेन्सर लावून पाहिला होता. खोलीत छान चालला, मंडपाच्या हॅलोजनखाली गोंधळला, कारण हॅलोजनमधूनही इन्फ्रारेड निघतं. हे कुठल्या पुस्तकात वाचून इतकं पक्कं झालं नसतं.

आता व्यवहाराचं बोलू. खर्चाची काळजी करू नका. आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड इटलीत 2005 मध्ये विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला आणि त्याची रचना सर्वांना खुली आहे. त्याच धर्तीचे स्वस्त बोर्ड, सेन्सर, छोट्या सर्व्हो मोटर लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतात. बेअरिंग, नट-बोल्ट, ड्रिलची पाती नागदेवी स्ट्रीटला. मोटर भंगारात. एका देखाव्याचा हा खर्च मंडळाच्या रोषणाईच्या बिलात शोधूनही सापडणार नाही. मुलांना घेऊनच खरेदीला जा. दुकानदाराला काय हवं ते नेमकं सांगता येणं हाही शिक्षणाचा भाग आहे. बोर्डची एक पिन 20 मिलिअँपिअर देते आणि वायपर मोटर काही अँपिअर मागते, म्हणून मध्ये ड्रायव्हर किंवा रिले लागतो, हे काउंटरवर उभं राहून सांगणारी मुलगी मी पाहिली आहे. दुकानदारानं तिला खुर्ची दिली.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. मुलांचं सगळं काम 12 व्होल्टच्या आत. मंडपाच्या तात्पुरत्या मीटरपासून पॉवर सप्लायपर्यंतचं 230 व्होल्टचं काम परवानाधारक वायरमननंच करावं, मुलांनी तिकडे हात लावायचा नाही. ड्रिल मारताना चष्मा, सोल्डरिंगला खिडकी उघडी, फिरत्या भागांना जाळी, आणि मोठा माणूस खोलीत हजर. फायर एक्स्टिंग्विशर मंडपात असतोच, तो खोलीतही हवा.

शिकवणार कोण, हा प्रश्न तुम्ही विचाराल. गिरणीतले फिटर-टर्नर आता वयस्क झालेत, पण आहेत. त्यांना बोलवा. ते येतील, आणि हातात फाइल कशी धरायची हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी दाखवणार नाही. आयटीआयमध्ये आता मेकाट्रॉनिक्सचा ट्रेड आहे, त्यात शिकणारी मुलं आपल्याच वस्तीतली आहेत. आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. ती संस्था 1887 मध्ये भायखळ्याला सुरू झाली, आणि गिरण्यांना लागणारी माणसं घडवणं हे तिचं सुरुवातीचं मोठं काम होतं. 1923 मध्ये ती माटुंग्याला गेली. तिथल्या विद्यार्थ्यांची रोबोटिक्सची मोठी चळवळ आहे. मंडळाच्या लेटरहेडवर रीतसर पत्र द्या, दोन-तीन मुलं रविवारी पाठवा, असं म्हणा. काळाचौकीचं बोलावणं व्हीजेटीआयनं जुन्या घरोब्यानं घ्यावं, अशी माझी त्या संस्थेलाही विनंती आहे.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. मंडळाची खोली म्हणजे मुलग्यांची जागा, रात्रीची जागा, अशी घराघरात समजूत आहे. वेळ सकाळची ठेवा, दार उघडं ठेवा, महिला मंडळातल्या एका ताईंनी बसावं, आणि आई-वडिलांना आधी भेटून या. पहिल्या वर्षी आमच्याकडे मुली फार कमी होत्या. एक आईच येऊन बसू लागली, तिला शिलाई मशीनची सगळी माहिती होती, आणि मशीनची सुई वर-खाली कशी होते ते तिनंच मुलांना उघडून दाखवलं. त्यानंतर मुली वाढल्या.

दहावीच्या पालकांची धास्तीही खरी आहे. त्यांना सांगा, रविवारचे तीन तास, गणपती झाले की सुट्टी. तरीही कुणी नाही म्हणालं तर आठवी-नववीला पुढे करा, दहावीची मुलं अधूनमधून येऊन मदत करतील.

आणि देखावा बंद पडला तर? पडेल. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कुठली तरी तार निघेल. त्या वेळी मंडपात परीक्षक आलेले असतील तरी मुलांवर ओरडू नका. पडदा पाडू नका. देखाव्याची मागची बाजू उघडी ठेवा, काचेमागे मोटर, बोर्ड, तारा सगळ्यांना दिसू द्या, आणि पाळीपाळीनं दोन मुलं तिथे उभी करा. रांगेतला माणूस विचारेल, हे कसं हलतं? ते मुलांना सांगता आलं पाहिजे. दर्शनाला आलेली सोलापूरची, मालवणची, गोरखपूरची मुलंही ते ऐकून जातील. ब्रिटनमध्ये बीबीसीनं 2016 मध्ये अकरा-बारा वर्षांच्या सुमारे 10 लाख मुलांना मायक्रोबिट नावाचा छोटा बोर्ड फुकट वाटला. आपल्याला तेवढं वाटता येणार नाही, पण तेवढ्या लोकांना दाखवण्याची ताकद लालबाग-काळाचौकीत आहे.

मंडळं बदलत नाहीत असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. 2020 च्या करोनाच्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवलं. तुम्ही वह्या वाटता, रुग्णवाहिका चालवता, आजारी माणसाच्या बिलाला उभे राहता. हे काम त्याच ओळीतलं आहे. वही देणं सोपं, रविवारी सकाळी खोली उघडून बसणं कठीण, हे मान्य. पण चिंचपोकळीचं मंडळ 1920 पासून, गणेशगल्लीचं 1928 पासून आणि लालबागच्या राजाचं 1934 पासून उत्सव चालवत आलंय. अशा विभागाला रविवारची सकाळ काढता येते.

आणखी एक मागणी, तुमच्यामार्फत महापालिकेकडे. काळाचौकीत इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2-3 च्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय उभारायचं काम पालिकेनं घेतलंय. तिथे काचेआड ठेवलेल्या साच्यांबरोबर एक चालता साचा आणि मुलांसाठी एक वर्कशॉप असावं, जिथे विभागातल्या कुठल्याही शाळेचा विद्यार्थी येऊन ड्रिल मारू शकेल, बोर्ड जोडू शकेल. आपल्या सगळ्या मंडळांनी एकत्र निवेदन दिलं तर ते ऐकलं जाईल. एकट्या शाळेचं कुणी ऐकणार नाही.

जूनमध्ये शाळा उघडतात. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता तुमच्या मंडळाची खोली उघडा, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याआधी भेटून या, आणि फळ्यावर लिहा: आठवी ते दहावी, मुलं-मुली, हलता देखावा करायचा आहे, येताना घरातली बंद पडलेली एक वस्तू आणा. पहिल्या दिवशी ती नुसती उघडायची. मिक्सर, खेळण्यातली गाडी, जुना पंखा, काहीही चालेल. ज्या मंडळाला सुरुवातीला माणूस लागेल त्यानं अभ्युदयनगरात शहीद भगतसिंग मैदानाजवळ कुणालाही विचारावं, माझं घर दाखवतील. मी येईन, आणि माझ्याकडे शिकलेली मुलंही येतील.

आपला,
अभ्युदयनगरचा एक रहिवासी आणि मंडळाचा जुना कार्यकर्ता